‘आमच्या घरचा मामला आहे,’ असं तो म्हणाला तर?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

पोळ्यानंतरच्या टपालात घरातल्या मारहाणीची पत्रं हटकून असतात. करीच्या दिवशी गावोगाव दारू आणि पत्ते चालतात, आणि त्याचा हिशेब घरी येऊन बायकोकडून चुकता होतो. यंदा अशी पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकले आहेत. नावं, गावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहो. आमच्या ओळीत एक घर सोडून जे घर हाय, तिथला माणूस पिऊन आला का बायकोले मारते. करीच्या दिवशी तं अंगणात ओढून मारलं. आम्ही चौघीजणी गेलो. तो म्हणे, आमच्या घरचा मामला हाय, आपापल्या घरी जा. तिले इचारलं तं ते म्हणे, मी सांदवाडीत घसरून पडली. आता गटातल्या बाया म्हणतात, तिलेच सांगाचं नाही तं आपण कायले मधात पडाचं? पोलिसात गेलो तं तो आमच्यावरच उलटन, त्याची भावकी मोठी हाय. पण रात्री तिचं लेकरू रडते तवा मले झोप येत नाही. आम्ही काय करावं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही चौघी त्या अंगणात जाऊन उभ्या राहिलात, ते वाया गेलेलं नाही. निदान तेवढ्यापुरता त्याचा हात थांबला. आणि आपल्यासाठी कोणीतरी घरातून बाहेर पडलं, हे तिने पाहिलं. त्याच्यासमोर ती काही बोलली नसली तरी ते ती विसरणार नाही.

‘घसरून पडली’ असं ती म्हणाली, कारण तो समोर उभा होता. तुम्ही परतल्यावर दार लावून त्याच्याबरोबर तिलाच राहायचं होतं. म्हणून त्याच्यादेखत तिला कधीच काही विचारू नका. सासू-नणंदेच्या देखत नाही, आणि बोलतं लेकरू जवळ असेल तरीही नाही. लेकरं निरागसपणे संध्याकाळी बापाला सांगून टाकतात.

विचारायची जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. थोड्या दिवसांत कापूस वेचणी सुरू होईल, तेव्हा तिच्या शेजारची पात धरा. हापशीवर, दळणाच्या रांगेत, लसीकरणाच्या दिवशीही बोलता येतं. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. आपल्याकडे बाया शेतात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, त्यात नवल नाही. पण एका केंद्रावर वजनाच्या दिवशी एक बाई भर उन्हाळ्यात तोच शर्ट घालून बसली होती, बाहीचं बटण मनगटापर्यंत लावलेलं. लेकराला काट्यावर ठेवतानाही एकच हात वापरत होती. ‘लेकराचं कार्ड भरायचं आहे, थोडी थांब,’ म्हणून मी तिला मागे ठेवली. बाकीच्या गेल्यावर ‘मारतो का?’ असं विचारलं नाही. ‘घरी जायची भीती वाटते का गं?’ एवढंच विचारलं. ती कितीतरी वेळ त्या बटणाशी चाळा करत राहिली. मग कोपरापर्यंत बाही तिनेच वर केली.

तिने सांगितलं तर ऐकून घ्या. ‘सोडून दे त्याला’ म्हणू नका, ‘लेकरांकडे पाहून सहन कर’ तर मुळीच म्हणू नका. ‘यात तुझी चूक नाही, आणि तू रात्री-बेरात्री कधीही माझ्या दारात ये,’ एवढं म्हणा. आज ती नाही म्हणेल. चार दिवसांनी माहेरी जाईल, पुन्हा परत येईल. अशा वेळी आपल्या बाया चिडतात, ‘तिलेच मार खायची हौस’ म्हणतात. ते बोलणं तिच्या कानावर गेलं की तुमचं दार तिच्यासाठी बंद झालं. लेकरं, पैसे, बापाची परिस्थिती, त्याची धमकी, या सगळ्याचा विचार ती एकटीने करत असते, म्हणून तिला वेळ लागतो.

मारहाण चालू असताना काय करायचं? एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी जा. त्याच्याशी हुज्जत घालायला जायचंच नाही. ‘विरजण आहे का जी?’, ‘आमच्या पोराला ताप आलाय, गोळी आहे का?’ असं काहीही निमित्त काढा, दार वाजवा, दारातच रेंगाळा. भावकीतला एखादा वडीलधारा, ज्याच्यासमोर तो मान खाली घालतो, त्याला हाताशी धरा. हातात कुऱ्हाड, विळा काही असेल तर पुढे जाऊच नका, ११२ फिरवा आणि गल्ली गोळा करा. फोन कोणी केला हे गावात सांगत बसू नका.

आता ‘घरचा मामला’. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्याचं कलम ४ गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. अशी हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कुठलीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. शेजारीण, आशाताई, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील, कोणीही. आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘आमच्यावरच केस होईल’ ही तुमच्या बायांची भीती कायद्याने आधीच काढून टाकलेली आहे. भावकीची भीती कायदा काढू शकत नाही, ती तुम्ही एकत्र राहूनच कमी होईल. म्हणून कळवताना एकीचंच नाव पुढे करू नका. तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं. तिथे रात्रीही बाईला घेतात, साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं, आणि दवाखाना, पोलीस, वकील यांची गाठ तिथूनच घालून देतात.

पण जिवावर बेतलेलं नसेल तर तिला विचारल्याशिवाय कळवू नका. घर सोडायचा किंवा तक्रारीचा बेत नवऱ्याला आधी कळला तर तोच काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे वाट पाहायची नाही. त्याने गळा दाबला असेल, तर गळ्यावर वळ दिसो न दिसो, तो पुढे जीव घेऊ शकतो असंच समजा आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ती गरोदर असताना पोटावर मारलं असेल, जाळून टाकायची धमकी दिली असेल, मार वरचेवर वाढत असेल, तरी थांबू नका. आणि आपल्या भागातली एक गोष्ट : घराघरात फवारणीचं औषध असतं. ‘आता औषध पिऊन मोकळी होते’ असं ती म्हणाली तर ते रागाचं बोलणं समजू नका. तिला एकटी सोडू नका, डबा घरातून हलवा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट बोलता येतं. प्यायलीच असेल तर मीठ-पाणी, उलट्या यात वेळ घालवू नका, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगायला लावा. ‘पडली’ म्हटलं की कागदावर ‘पडली’च येतं, आणि पुढे कोर्टात तोच कागद तिच्याविरुद्ध उभा राहतो. आधार, बँकेचं पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून तुमच्यापैकी एकीच्या कोठीत ठेवा, शक्यतो त्याच ओळीतलं घर नको. कधी काय झालं याची नोंद ठेवा. तारीख आठवत नसेल तर ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी’, ‘सोयाबीन काढलं त्या आठवड्यात’ असं लिहिलं तरी चालतं.

ही नोंद गटाच्या ठराव वहीत मात्र कधीच करू नका. ती वही दहा हातांतून फिरते. तिचं नाव बैठकीतही घेऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एका बाईने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या दहा-बाराजणींत गप्प बसून ऐकणारी आणखी कोणीतरी असणारच. तुम्ही हा विषय कसा काढता, कोणाला नावं ठेवता, यावरून ती तुमच्याकडे यायचं की नाही हे ठरवेल. ग्रामसंघाकडे अडीनडीसाठी निधी असतो. त्यातून औषधपाणी आणि प्रवासाचा खर्च कोणालाही कारण न सांगता देता येईल, असा ठराव आजच करून ठेवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते अर्धंसुद्धा तिच्या हातात नसतं.

प्रश्न : मी गावच्या तंटामुक्त समितीचा सदस्य आहे. एका जोडप्याचं भांडण समितीत आलं. नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर ‘पुन्हा मारणार नाही’ असं लिहून दिलं, बायकोनेही ‘उलटून बोलणार नाही’ असं लिहून दिलं. हार घातले, फोटो काढला. महिन्याभरात त्याने पुन्हा मारलं. आता परत बैठक घ्यावी काय? संसार टिकावा एवढीच आमची इच्छा आहे.
— एक वाचक, जि. वाशिम

उत्तर : भाऊ, तशी बैठक पुन्हा घेऊ नका.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली आणि तिने धुऱ्याचे, पांदणीचे कितीतरी तंटे कोर्टाबाहेर मिटवले, ते मी पाहिलं आहे. पण धुऱ्याच्या तंट्यात दोन्हीकडचे शेतकरी रात्री आपापल्या घरी झोपतात. इथे मार खाणारी रात्री मारणाऱ्याच्याच घरी जाते. त्यामुळे ‘तू दोन पावलं मागे हो, तो दोन पावलं मागे होईल’ हा हिशेब इथे लागत नाही. तिने लिहून दिलेलं ते ‘उलटून बोलणार नाही’ मला फार लागलं. तुम्ही दोघांकडून सारखंच लिहून घेतलं असं तुम्हाला वाटलं. त्याने त्यातून एवढंच घेतलं, की ती उलटून बोलली तर मारायची गावाची परवानगी आहे.

शिवाय त्या स्टॅम्पपेपरला कायद्याचे दात नाहीत. तो मोडला तर त्याचं काय झालं? काही नाही. तेच वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. आदेशाची प्रत तिला फुकट मिळते, पोलीस ठाण्यातही जाते. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायचा असतो.

बायका कोर्टात गेल्या की संसार मोडतो, असं तुमच्या मनात असेल. हा कायदा घटस्फोटाचा नाही. ‘मारू नको, तिला घराबाहेर काढू नको, खर्चाला पैसे दे’ असे आदेश ती त्याच घरात राहूनही मागू शकते. फौजदारी गुन्हा वेगळा. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिकडे जायचं की नाही हे तिने ठरवायचं.

मग समितीने काय करायचं? पुष्कळ आहे. पुढच्या वेळी तिला चारचौघांसमोर उभं करू नका. समितीतल्या किंवा गटातल्या दोन बायांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या, तिला काय हवंय ते विचारू द्या. तिला जायचं असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत गाडी करून द्या. तुमच्यापैकी ज्यांनी मार पाहिला त्यांनी साक्षीला उभं राहा. गावातला साक्षीदार ऐन वेळी फिरतो, इथेच बहुतेक बायका हरतात. आणि त्याच्याशी बोलायचं ते तुम्ही पुरुषांनीच बोला : पारावर, पानठेल्यावर, प्रार्थना झाल्यावर मंदिरात. ‘तू हात उचललास, हे आम्हाला चालणार नाही,’ एवढं वाक्य त्याच्या बरोबरीच्या माणसाने तोंडावर म्हणावं. बायकोचं काय चुकलं याची चर्चा त्यात आणू नका.

तुमच्या पत्राच्या शेवटी ‘दारू सुटली तर सगळं ठीक होईल’ असंही आहे. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात बायकांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठली. गावातला गुत्ता बंद करणाऱ्या बायांच्या बाजूने मी नेहमीच उभी राहिले आहे. दारू कमी झाली की रात्री थोड्या शांत जातात, हे खरं. पण प्यायलेला माणूस वाटेत भेटलेल्या सरपंचावर हात टाकत नाही, पाटलावर टाकत नाही. तो नीट चालत घरी येतो आणि बायकोवर टाकतो. एवढी शुद्ध त्याला असते.

प्रश्न : माझी पोरगी दोन वर्षांच्या लेकराला घेऊन चार महिन्यांपासून माहेरी आहे. अंगावरच्या खुणा तिच्या आईने पाहिल्या. जावई न्यायला येतो, माफी मागतो. गावातले लोक विचारतात, पोरगी कधी जाणार? धाकटीचं लग्न व्हायचं आहे. तिला किती दिवस ठेवावं?
— एक बाप, जि. चंद्रपूर

उत्तर : दादा, तिला घरात घेतलंत, तिच्या आईने खुणा पाहून तिला परत धाडलं नाही, हे फार मोठं आहे. ‘किती दिवस’ हा प्रश्न मात्र तिच्या कानावर पडू देऊ नका. तो ऐकला की लेकी न सांगता परत जातात, तयारी नसताना जातात.

जावयाने माफी मागितली ती कोणासमोर, आणि नेमकी कशाची? ‘झालं गेलं विसरा’ ही माफी नाही. तिला जायचं असेल तरी आधी अर्ज, आदेश, मग जाणं. अर्जासाठी तिला सासरच्या तालुक्याला जावं लागत नाही. ती सध्या तात्पुरती जिथे राहते, तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. वकिलाची फी लागणार नाही. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, फोन १५१००. लेकराचा खर्च, तिचे दागिने-भांडी, लेकराचा तात्पुरता ताबा, सगळं त्याच अर्जात मागता येतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून ‘तुझा इथे हक्क नाही’ असं ते म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं आहे की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही, ती तिथे संसार करून राहिली असेल तर, ‘सामायिक घर’, म्हणजे तिला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं.

लेकराचं नाव तुमच्या गावच्या अंगणवाडीत या आठवड्यात घाला. तिला कामाला जाऊ द्या, स्वतःच्या नावाचं खातं काढून द्या. धाकटीच्या लग्नाचं म्हणाल, तर थोरलीला मार खायला परत धाडणाऱ्या घरातून धाकटी दिली जाते, तेव्हा तिलाही कळून चुकतं की आपल्यालाही परतायला दार नाही. पाहायला येणाऱ्यांना सरळ सांगा : आमची थोरली आमच्याकडे राहते. ज्या घराला हे खटकेल, ते घर धाकटीसाठीही नको.

प्रश्न : लाडक्या बहिणीचे दीड हजार माझ्या खात्यात येतात, पण नवरा एटीएम कार्ड ठेवून घेतो आणि काढतो. मागितले तर मारतो. हे पण हिंसेत येते का?
— एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर : येतं. मारणं तर येतंच, पण नुसतं बायकोचे पैसे हिसकावून घेणं, तिला खर्चाला न देणं, तिचे दागिने परस्पर मोडणं, हीसुद्धा त्याच कायद्यात आर्थिक हिंसा म्हणून लिहिलेली आहे. पण घाईने कार्ड बंद करू नका. पुढच्या हप्त्याला पैसे निघाले नाहीत की तो तुम्हालाच मारेल. आधी १८१ वर बोला, शक्य असेल तर शेजारणीच्या फोनवरून. रात्री कोणाच्या घरी जाता येईल ते ठरवून ठेवा. मग पोस्टात स्वतःचं खातं काढा, पासबुक घरी आणू नका, अंगणवाडी सेविकेकडे किंवा बहिणीकडे ठेवा. हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, त्यामुळे खातं बदलायच्या दिवशी बँकेत तुमच्यासोबत कोणीतरी असलेलं बरं. पत्राला उत्तर हवं असेल तर घरचा पत्ता देऊ नका, गटाच्या अध्यक्षांच्या किंवा आशाताईंच्या पत्त्यावर मी लिहीन. पाकिटावर मासिकाचं नाव नसेल.